दक्षिणमुखी घर

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयटीवाला. कॉम्प्युटर इंजिनिअरने घरबांधणीवर बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच! पण वर्षभर घर शोधतोय, त्यामुळे थोडा अभ्यास झाला.

नवीन घर बघायला गेलं की आपल्याला आधी यंत्रं दाखवतात. सोलर पॅनेल, हीट पंप, मोबाईलवर चालणारं हीटिंग. आपण विचारतो शाळा, स्टेशन, पार्किंग. घराची दिशा विचारतात ते फक्त भारतातले आई-बाबा, आणि त्यांचा निकाल ठरलेला: दक्षिणमुखी नको!

माझ्या मते प्रश्न अगदी बरोबर आहे, उत्तर मात्र इथे बदलतं. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, लंडनला जेमतेम १५. तिकडे ऊन चुकवायला आपण ओसरी-पडवी बांधली. इथे हिवाळ्यात ऊन मिळवायचं असतं, आणि ते दक्षिणेकडूनच येतं. समोरची इमारत जवळ असली तर तेही अडतं.

दक्षिण लंडनमध्ये हॅकब्रिजला 'बेडझेड' ही वसाहत २००२ साली पूर्ण झाली. आर्किटेक्ट बिल डन्स्टर, घरं ८२. राहत्या खोल्या दक्षिणेला, त्यांच्यापुढे काचेच्या खोल्या. कामाच्या जागा उत्तरेच्या सावलीत, आणि त्यांच्या छपरांवर बागा. भिंतींत ३०० मिलीमीटर इन्सुलेशन. लाकडाच्या ढलप्यांवर वीज आणि उष्णता देणारं संयंत्रही होतं. ते काही वर्षांतच बंद पडलं आणि गॅसचे बॉयलर आले. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणाही थांबली. पण घरांची दिशा आणि जाड भिंती आपलं काम करतच राहिल्या. त्यांना ना मेन्टेनन्स काँट्रॅक्ट, ना अपग्रेड!

नॉर्विचच्या गोल्डस्मिथ स्ट्रीटला २०१९ साली स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. ही कौन्सिलची घरं, चैनीची नव्हेत. तिथे छपरांचा उतार १५ अंशांचा ठेवला, म्हणजे मागच्या रांगेचं ऊन अडत नाही. गाड्या वसाहतीच्या कडेला, आणि घरांमागच्या सामायिक बोळात मुलं खेळतात.

आता उन्हाळा. १९ जुलै २०२२ ला कोनिंग्जबीत ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. बेडझेडमध्येही काही रहिवाशांना काचेच्या खोल्यांत उकडायचं. मात्र जूनमध्ये लंडनला दुपारचा सूर्य ६२ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर साधा छज्जासुद्धा पुरतो. त्रास देतं ते पश्चिमेचं तिरपं ऊन. तिथे मोठ्या काचा दिसल्या तर सावध राहा.

म्हणून घर बघायला जाताना फोनमधला कंपास काढा. बैठकीच्या मोठ्या खिडक्या कुठे आहेत? समोरची इमारत किती जवळ? पावसाचं पाणी कुठे जातं? स्टेशनला चालत जाता येतं का? जमलं तर डिसेंबरात दुपारी एक चक्कर मारा.

आमच्या धंद्यात काही चुकलं तर पॅच पाठवता येतो. बॉयलर बदलता येतो, पॅनेल नंतर बसवता येतात. उभं घर फिरवता येत नाही. पंचवीस वर्षांचं मॉर्गेज घेताना एवढं बघायलाच हवं.

आणि आई-बाबांसाठी तोडगा आहे: दार उत्तरेला, खिडक्या दक्षिणेला. आईही खूश, हीटिंगचं बिलही कमी!