छत्री आणि जाळे
(वार्षिक समारंभातील भाषण)



छत्रीच्या साऱ्या काड्या एका दांड्यावर बांधलेल्या असतात. तिथे बिघाड झाला की धडधाकट काड्याही निकामी ठरतात. मासे धरण्याचे जाळे निराळे; एक धागा तुटला तरी बाकीचे धागे भार उचलतात. बातमीचे तसेच आहे. ती कोणापर्यंत पोहोचेल, हे माणसे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत यावर ठरते.

आपले माणगाव हे छत्रीचा दांडाच आहे! मुंबई-गोवा महामार्ग, म्हसळा-श्रीवर्धनची वाट, निजामपूर-ताम्हिणीवरून पुण्याचा रस्ता, आणि १९९३ पासून कोकण रेल्वे. म्हणून बाहेरची बातमी इथे आधी येते. पण ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवा. विजेचे खांब कोसळले आणि मोबाईलही मुके झाले. शेजारच्या घरी फोन लावला तरी आवाज टॉवरवरूनच जातो, आणि टॉवरला वीज लागते. मुंबईतली, आखातातली आपली माणसे तिकडे जीव मुठीत धरून बसली होती.

निसर्गाला ही अक्कल उपजतच आहे. बुरशीसारख्या दिसणाऱ्या, मेंदू नसलेल्या एका चिकट जीवापुढे जपानी शास्त्रज्ञांनी टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले. त्याने दाण्यांमध्ये विणलेले जाळे तिथल्या रेल्वेमार्गांशी मिळतेजुळते निघाले, २०१० साली ते प्रसिद्धही झाले. एखादी वाट तुटली तर दुसरी असावी, याची तजवीज त्याने केली होती.

माणसांत मात्र आपण चुकतो. आमच्या मोहल्ल्यात शिक्षणाची बातमी एकाच गृहस्थामार्फत येई. एका वर्षी ते मुंबईत आजारी पडून राहिले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आम्हांला कळली ती उलटून गेल्यावर. माझ्या आपाचे शिक्षण तिथेच थांबले. दोष त्या भल्या माणसाचा कसा म्हणावा? आम्हीच दुसरी वाट ठेवली नव्हती.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती बातमी जिवलग मित्राने नव्हे, अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाने दिली होती. कारण उघड आहे. जिवलगांना तेच ठाऊक असते, जे आपल्याला असते.

तेव्हा वाचकहो, तुम्ही या शाळेचे माजी विद्यार्थी असाल, मग मुंबईत असा, पुण्यात असा वा कुवेतमध्ये, तर आपला पत्ता आणि फोन नंबर कार्यालयात कळवा. तुमची इथल्या कोणाशी ओळख उरली नसली तरी कळवा.