गाडी किती देते?

(मल्लेश्वरम, बंगळूर येथे दिलेले व्याख्यान)



महाराष्ट्रात एखाद्याने नवी मोटारसायकल घेतली की शेजारी तिच्याभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" येथे मल्लेश्वरममध्ये, संपिगे रस्त्यावर, तोच प्रश्न कन्नडमध्ये ऐकू येतो : "मैलेज एष्टु कोडुत्ते?" मैल आपल्या रस्त्यांवरून केव्हाच हद्दपार झाले आहेत आणि सरासरी कशाची, हे कोणीच स्पष्ट करीत नाही. तरीही विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला अर्थ नेमका कळतो. दोन्ही भाषांत गाडी "देते", जणू गोठ्यातली गाय दूध देते तशी. ती खाते किती, असे सहसा कोणी विचारत नाही. शब्दांचा हा फरक मी पुढे पुन्हा उपयोगात आणणार आहे.

आज माझ्यासमोर प्रश्न आहे तो असा : ग्राहक इतक्या आस्थेने हे विचारतो, म्हणून गाड्या कमी इंधनात चालू लागतात काय? आपल्या देशाचा अनुभव "होय" असेही सांगतो आणि "नाही" असेही सांगतो.

१९७३ च्या ऑक्टोबरात तेलसंकट उद्भवले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या वर गेली. अमेरिकेत ग्राहक छोट्या जपानी मोटारींकडे वळला; परंतु केवळ त्याच्या आवडीवर विसंबून न राहता तेथील शासनाने १९७५ मध्ये कायदा करून मोटारींना इंधनवापराचे बंधन घातले. १९८६ च्या सुमारास तेल स्वस्त झाले, तेव्हा ग्राहकाची काटकसर कितपत टिकाऊ होती हे दिसून आलेच.

आपल्याकडे परिस्थिती निराळी होती. काटकसरीची मागणी येथे पूर्वीपासूनच होती. पण ती पुरवणार कोण? अ‍ॅम्बॅसडर किंवा पद्मिनी, एवढीच मोटारीची निवड. बजाजची स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. ज्याला हाती येईल ती गाडी घ्यावी लागते, त्याने ती किती देते हे विचारले काय आणि न विचारले काय, कारखानदाराला फरक पडत नाही. मग काटकसर उरते ती चालवणाऱ्याच्या हातात. उतारावर इंजिन बंद करणे, रिझर्व्ह लागल्यापासून पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंतचे किलोमीटर वहीत टिपणे, गॅरेजवाल्याकडून कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा पिळून घेणे, हे उद्योग ज्यांनी केले असे अनेकजण या सभागृहातही असतील. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने ५० सी. सी. ची लुना आणली, तेव्हा या मागणीला पहिले ठळक उत्तर मिळाले, असे मला वाटते. पायडल मारून सुरू होणाऱ्या त्या वाहनाची थट्टा पुष्कळ झाली. पण पगारात पेट्रोल बसवू पाहणाऱ्या कारकुनाला आणि शिक्षिकेला तिने वाहनाचे मालक केले.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. या दुसऱ्या गाडीविषयी थोडे विस्ताराने बोलतो. तोवरच्या बहुतेक दुचाकींची इंजिने टू-स्ट्रोक होती. अशा इंजिनात जळलेला वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातील काही भाग न जळताच धुरांड्यावाटे निघून जातो. म्हणजे मालकाने विकत घेतलेल्या पेट्रोलचा एक हिस्सा पंपावरून थेट रस्त्याच्या हवेत जात असे, आणि शिवाय त्यात मिसळलेले तेलही जळत असे. फोर-स्ट्रोक इंजिनात आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची क्रिया वेगवेगळ्या वेळी होते. गळती जवळजवळ थांबते. गाडी दिसावयास साधी होती आणि तिचा वेगही बेताचाच होता. परंतु ती पेट्रोल कमी पीत होती, आणि कंपनीने जाहिरातीतही याच गुणावर भर दिला. काही वर्षांत स्कूटर मागे पडली. ग्राहकाच्या मागणीने एक सबंध उद्योग बदलल्याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मग अडचण कोठे आहे? एक हिशेब करू. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणारी दुचाकी लिटरला ४० किलोमीटरऐवजी ५० जाऊ लागली, तर पेट्रोल २५० लिटरऐवजी २०० लागेल. बचत ५० लिटरची. तेवढीच धावणारी मोठी मोटार १० ऐवजी १२.५ जाऊ लागली, तर १,००० लिटरच्या जागी ८०० लागतील. बचत २०० लिटरची! ऐकताना पहिली सुधारणा दहाची वाटते आणि दुसरी अडीचची. "किती देते" असे विचारल्याने हा भ्रम होतो. "शंभर किलोमीटरला किती खाते" असे विचारले असते, तर तो झाला नसता.

आता हेच रुपयांत पाहा. लिटरला १०० रुपये धरू. एक लाखाच्या दुचाकीच्या मालकाचे वर्षाला ५,००० रुपये वाचतात, म्हणजे गाडीच्या किमतीचा विसावा भाग. वीस लाखांच्या मोटारीचा मालक २०,००० रुपये वाचवील. पण तो तिच्या किमतीचा शंभरावा भाग. त्याला त्यासाठी छोटी गाडी घ्यावीशी का वाटावी? ज्याची बचत देशाला लिटरमागून लिटर मिळवून देईल, त्याचीच मागणी सर्वांत दुबळी आहे. यावरून दुचाकीवाल्याची चिकित्सा व्यर्थ ठरत नाही. २०१३ च्या एका अखिल भारतीय पाहणीनुसार पेट्रोल पंपांवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींच्या टाक्यांत जात होते. थेंब लहान, पण संख्या अफाट.

किंमत मागणीला कशी वळवते, याचे एक उदाहरण येथे देणे आवश्यक आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले, डिझेलवरील मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत राहिले. मधल्या काळात दोहोंच्या दरांत मोठे अंतर पडले आणि ग्राहक डिझेल मोटारींवर तुटून पडला. शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि एस. टी. च्या बससाठी स्वस्त ठेवलेले इंधन शहरांतील अवजड गाड्यांत जळू लागले. अंतर कमी होताच ती ओढही ओसरली. आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून अधिक उंच, जड, एस. यू. व्ही. म्हणवणाऱ्या आहेत. इंजिने सुधारली, त्या सुधारणेचा बराचसा भाग वजनाने खाऊन टाकला.

शासनाने २०१७-१८ पासून मोटार कंपन्यांवर बंधन घातले. कंपनीने विकलेल्या मोटारींच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडला किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅमची मर्यादा आली; २०२२-२३ पासून ती ११३ झाली. मात्र गाड्या जड असतील तर मर्यादाही सैल होते. ही सवलत मला तरी पटत नाही.

ग्राहकाला मिळणाऱ्या माहितीचाही प्रश्न आहे. मोटारीची इंधनचाचणी रोलरवर, ठराविक वेगक्रमाने, सुमारे वीस मिनिटे होत आली. वातानुकूलन बंद, वेग ९० च्या पुढे नाही. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यास योग्य आहे. पण सायंकाळी आठव्या क्रॉसच्या बाजारापाशी अडकलेल्या मोटारीकडून त्याची अपेक्षा करणे म्हणजे परीक्षेतील गुणांवरून संसार जोखण्यासारखे आहे.

आणि एक मागणी अशी आहे, जी दुकानात ऐकूच येत नाही. गाडी पंधरा वर्षे चालते. तिचा पहिला मालक पाच-सहा वर्षांत ती विकतो. पुढची वर्षे पेट्रोल भरतो तो जुनी गाडी घेणारा, बेताच्या उत्पन्नाचा माणूस. काय बनवावे, हे कारखानदार पहिल्या मालकाला विचारतो. बिल दुसरा आणि तिसरा भरतो.

याच शहरात २००१ साली रेवा ही विजेवरची छोटी मोटार निघाली, तेव्हा तिला ग्राहक फारसे लाभले नाहीत. २०१८ मध्ये येथेच एथर कंपनीची स्कूटर आली आणि २०२० मध्ये चेतक हे जुने नाव बॅटरी घेऊन परतले. आता प्रश्न बदलला आहे : एकदा चार्ज केल्यावर किती जाते? एका युनिट विजेत किती जाते, असे विचारताना मात्र मी अजून कोणाला ऐकलेले नाही.