प्रागच्या नगाऱ्याचे ठोके



बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात उभी राहते. आज आम्ही ज्या बँडविषयी बोलणार आहोत तो रस्त्याने चालत नाही. सभागृहात बसून वाजवतो. त्यात व्हायोलिनांचा ताफा नाही. बहुतेक सारा कारभार फुंकवाद्यांचा आणि तालवाद्यांचा. त्यावर वाजणाऱ्या रचनेमागची हकीकत श्रोत्याला ठाऊक असावी की नसावी, हा आमचा आजचा प्रश्न.

कित्येक रसिक म्हणतात, सूर मनाला भिडले की पुरे. इतिहास हवा कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. एक रचना घेऊन पाहू.

कारेल हुसा हा संगीतकार 1921 साली प्रागमध्ये जन्मला आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. 1968 च्या ऑगस्टात सोव्हिएत संघाचे आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे प्रागमध्ये शिरले. ती बातमी त्याने दूर देशी रेडिओवर ऐकली. जन्मगावासाठी करण्याजोगे त्याच्या हाती दुसरे काय होते? इथाका कॉलेजच्या बँडसाठी त्याने 'म्युझिक फॉर प्राग 1968' ही रचना लिहिली. 1969 च्या जानेवारीत ती वॉशिंग्टनमध्ये प्रथम वाजली.

आरंभी पिकोलो, म्हणजे चिमुकली बासरी, पक्ष्यासारखी एकटीच बोलते. हुसाच्या मनात हा पक्षी स्वातंत्र्याचा. हजार वर्षांच्या प्रागला ते क्षणकाळच लाभलेले. त्याच वेळी टिम्पनी नावाचे नगारे हलक्या हाताने वाजतात. आपल्याला ते नुसते ठोके वाटतील. चेक माणसाला मात्र त्यात एका जुन्या गीताचे पहिले सूर ओळखू येतात. 1415 साली यान हुस या धर्मसुधारकाला जिवंत जाळले. त्याच्या अनुयायांनी रणांगणावर गाइलेले ते गीत. पुढे प्रागच्या मनोऱ्यांवरील घंटा वाजतात, एक भाग तर केवळ तालवाद्यांचा आहे; आणि शेवटी तेच गीत सारा बँड एका सुरात वाजवतो.

आता आपल्याकडचे पाहा. आरतीची चाल बँडवर नुसती वाजली, शब्द एकही नसला, तरी आपले हात आपोआप जुळतात. परदेशी पाहुण्याचे जुळत नाहीत. त्याचे कान अधू नसतात. त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

हकीकत करुण आहे म्हणून कच्ची रचना तरत नाही, हेही आम्ही मान्य करतो. पण पक्की रचना हकीकतीशिवाय अर्धीच ऐकली जाते. म्हणून कार्यक्रमापूर्वी चार वाक्ये सांगण्याचा कंटाळा संयोजकांनी करू नये आणि ती ऐकण्याचा श्रोत्यांनी करू नये.

1989 साली चेकोस्लोव्हाकियातील ती राजवट कोसळली. पुढल्याच वर्षी हुसाने प्रागमध्ये जाऊन ही रचना स्वतः सादर केली. तेथे नगाऱ्याच्या त्या ठोक्यांचा अर्थ कोणाला सांगावा लागला नसेल. आपल्याला तो सांगावा लागतो, म्हणून हा खटाटोप.