स्थानबद्ध आप्ताचा शोध

घरातील माणूस हरवला म्हणजे कुटुंबीय शासनाकडे धाव घेतात. परंतु ज्याला शासनानेच ताब्यात घेतले आहे, तोच माणूस कुटुंबाच्या लेखी हरवलेला असावा, ही आधुनिक राज्यव्यवस्थेतील एक विलक्षण विसंगती होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आप्रवासविषयक स्थानबद्धतेत ती वारंवार दृष्टीस पडते. भारतीयांनाही हा विषय दूरचा राहिलेला नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसरला परत आणण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य पंजाब, हरियाणा व गुजरातचे होते. तिघे महाराष्ट्रातील होते.

या स्थानबद्धतेचा इतिहास जुना आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर १८९२ ते १९५४ पर्यंत, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत आगंतुकांना चौकशीसाठी अडकवून ठेवले जाई. एंजल बेटावर प्रामुख्याने चिनी लोक असले, तरी भारतीयही होते. त्या काळी निदान बेट कोणते, एवढे तरी नातेवाइकांना ठाऊक असे. आज स्थानबद्धांना ठेवण्याच्या जागा देशभर विखुरलेल्या आहेत. काही शासनाच्या, काही खाजगी कंपन्यांनी चालविलेल्या, तर काही स्थानिक तुरुंगांतील भाड्याने घेतलेल्या कोठड्या होत. माणसाला एका राज्यात पकडून दूरच्या दुसऱ्या राज्यात नेले जाणे ही नित्याची गोष्ट आहे.

कायद्याच्या दृष्टीने ही स्थानबद्धता म्हणजे शिक्षा नव्हे. हद्दपारीच्या कामकाजापुरते परकीयास अडकवून ठेवता येईल, परंतु खटल्यावाचून त्याला सक्तमजुरीची शिक्षा देता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली दिला. या भेदाचा एक परिणाम मात्र स्थानबद्धाला जाचक ठरतो. फौजदारी आरोपीला ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळतो. हद्दपारीच्या कामकाजात वकील देता येतो, पण शासनाच्या खर्चाने नव्हे. म्हणून तो नेमण्याची जबाबदारी बहुधा कुटुंबावर पडते आणि त्यासाठी माणूस कोठे आहे हे प्रथम कळावे लागते.

तेथील आप्रवास अंमलबजावणी खात्याने २०१० साली स्थानबद्धांचा ठावठिकाणा दाखविणारी संगणकीय नोंदवही सर्वांसाठी खुली केली. तिच्यात शोध घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग परकीय-क्रमांकाचा होय. 'ए' या अक्षरापुढील हे आकडे आप्रवास खात्याच्या नोटिसांवर, परवान्यांवर व न्यायालयीन कागदांवर छापलेले असतात. क्रमांक व जन्माचा देश एवढे दिले की पुरे. दुसरा मार्ग नाव, आडनाव व जन्माचा देश यांचा. मात्र येथे नाव नोंदवहीत जसे लिहिले असेल तंतोतंत तसेच द्यावे लागते, आणि भारतीय कुटुंबांची वाट नेमकी येथेच अडते.

देवनागरी, गुरुमुखी वा तमिळ लिपीतील नावाचे रोमन लिपीत एकच एक रूप ठरलेले नसते. 'श्रीकांत' हे नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशा क्रमाने लिहितो. परदेशी कारकून यांतील मधले नाव कधी गाळतो, कधी पहिल्या नावाला जोडतो. पारपत्रावर एकच नाव असेल, तर अमेरिकन व्हिसावर ते आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'नाव अज्ञात' या अर्थाची तीन अक्षरे येतात. अशा माणसाला त्याच्या खऱ्या नावाने शोधणारी आई नोंदवहीच्या लेखी भलत्याच कोणाला शोधत असते. तेव्हा पारपत्राची प्रत समोर ठेवून नावाची सर्व संभाव्य रूपे, नाव-आडनावाची अदलाबदल करूनही, तपासणे इष्ट होय. येथे देश विचारला जातो तो जन्माचा, नागरिकत्वाचा नव्हे, हेही विसरू नये. नैरोबीत जन्मलेला भारतीय नागरिक केनियाखाली सापडेल.

नोंदवहीत नाव नाही, एवढ्यावरून माणूस ताब्यात नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सीमेवर नुकत्याच पकडलेल्यांची नोंद लगेच दिसत नाही; स्थलांतर चालू असतानाही माहिती मागे पडते. अशा वेळी ज्या भागात अटक झाली तेथील विभागीय कार्यालयाशी दूरध्वनीवरून संपर्क साधावा लागतो. परकीय-क्रमांक हाती असल्यास आप्रवास न्यायालयाच्या स्वयंचलित दूरध्वनी सेवेवरून पुढील सुनावणीची तारीख व न्यायालय कळते.

अठरा वर्षांखालील मुलांची नावे या नोंदवहीत नसतात. पालकांविना आढळलेल्या मुलांची जबाबदारी २००३ पासून आरोग्य खात्याच्या अखत्यारीतील निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे आहे. या विभागणीचा धोका २०१८ साली उघड झाला. सीमेवर आईबापांपासून हजारो मुले वेगळी करण्यात आली. मुले एका खात्याकडे गेली, पालक दुसऱ्याकडे राहिले, आणि कोणते मूल कोणाचे हे सांगणारी सामाईक नोंदच नव्हती. २६ जून २०१८ रोजी सॅन दिएगो येथील संघीय न्यायाधीशांनी पाच वर्षांखालील मुले चौदा दिवसांत व इतर मुले तीस दिवसांत पालकांकडे सोपविण्याचा आदेश दिला, तेव्हा कित्येक मुलांच्या पालकांचा शोध घेण्यापासून आरंभ करावा लागला.

ठावठिकाणा कळण्याला कायदेशीर मोलही आहे. अटकेच्या वैधतेस आव्हान देणारा बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज सामान्यतः बंदी ज्या जिल्ह्यात आहे तेथील संघीय न्यायालयात करावा लागतो. अर्ज तयार होत असताना बंदीला दुसऱ्या राज्यात हलविले, तर वकिलाला न्यायालयही नव्याने निवडावे लागते.

आणखी एक द्वार वकिलातीचे. वाणिज्यदूत-संबंधविषयक १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार, पकडलेल्या परकीयास त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याच्या हक्काची माहिती विनाविलंब दिली पाहिजे आणि त्याने मागणी केल्यास वकिलातीस कळविले पाहिजे. वॉशिंग्टन येथील भारतीय दूतावास, तसेच न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, ह्यूस्टन, अटलांटा व सिॲटल येथील वाणिज्य दूतावासांकडे कुटुंबीय स्वतःही विचारणा करू शकतात. तथापि येथे सावधगिरी हवी. ज्याने मायदेशातील छळाच्या भीतीने आश्रय मागितला आहे, त्याच्याविषयी मायदेशाच्या अधिकाऱ्यांना कळविणे त्याला अपायकारक ठरू शकते. अशा प्रसंगी आधी वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

या साऱ्याचा व्यावहारिक बोध साधा आहे. परदेशी जाणाऱ्याने पारपत्राची प्रत, रोमन लिपीतील नावाचे नेमके रूप, जन्मतारीख, जन्मस्थान आणि परकीय-क्रमांक मिळाला असल्यास तो, घरी लिहून ठेवावा. एखादा तरी आप्ताचा दूरध्वनी क्रमांक त्याला पाठ असावा, कारण ताब्यात घेताना प्रथम जातो तो खिशातील दूरध्वनी.

परंतु ही दक्षता कुटुंबाची झाली. राज्याचे कर्तव्य तिने फिटत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ व १९९६ साली असे ठरवून दिले की, अटक झालेल्याच्या आप्ताला किंवा मित्राला अटकेची व ठिकाणाची वार्ता मिळाली पाहिजे. परक्या देशातून आलेल्याच्या बाबतीत हे तत्त्व तितकेच लागू असले पाहिजे. कोणाला देशात राहू द्यावे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार मानला, तरी ज्याला नेले तो कोठे आहे हे त्याच्या आईला सांगितल्याने त्या अधिकाराला कोणतीही बाधा येत नाही.