पगडीवाला बसचालक



चंदीगडच्या सेक्टर 34 मध्ये जा.
इंग्रजीचे क्लास, व्हिसाची कार्यालयं, पाट्याच पाट्या.
कागदांची फाईल छातीशी धरून तरुण मुलं जिने चढत असतात.

परदेशाच्या या वाटेनं आधी गेलेल्यांनी ब्रिटनला काय दिलं?
कष्ट दिले.
ओतशाळांत भट्टीपुढे उभे राहिले.
बस चालवल्या.
रुग्णालयांत रात्रपाळ्या केल्या.

तरीही कडवे बोल ऐकावे लागले.
वुल्व्हरहॅम्प्टन शहरात तरसेम सिंग संधू नावाचे शीख बसचालक होते.
1967 साली ते दाढी राखून, पगडी बांधून कामावर आले.
बसचालकांना दाढी-पगडीची बंदी होती, म्हणून त्यांना घरी पाठवलं गेलं.
पुढच्याच वर्षी तिथले खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केलं.

शीख बांधव डगमगले नाहीत.
त्यांनी मोर्चे काढले.
1969 साली पगडीवरची बंदी उठली.

श्रोतेहो, पुन्हा सांगते.
या माणसांनी ब्रिटनला आपले कष्ट दिले.
आणि विखाराला उत्तर दिलं, ते एकजुटीनं.

आपल्याही गावात परमुलखातून पोटासाठी आलेली माणसं असतात.
आज त्यांच्यापैकी कुणी भेटलं, तर दोन शब्द आपुलकीनं बोला.