समारंभातील छायाचित्रे



बारसे, मुंज, साठीशांत, काही असो, फोटो आपण सारेच काढतो; आता तर ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनमध्येच कॅमेरा आहे. तरी घरातले एखादे वडीलधारे माणूस गेले, म्हणजे भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो सापडत नाही. सापडतो तो रांगेत ताठ उभा राहिलेला, नाही तर डोळे मिटलेला. शेकडो फोटोंत माणूस हरवते कसे, एवढाच आमचा आजचा विषय.

पहिला अपराधी फ्लॅश. अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. पाच फुटांवरचे व्याही पिठासारखे पांढरे आणि पंधरा फुटांवरची आजी अंधारात, यात आजीचा काय दोष? शिवाय उजेड अगदी समोरून पडला की चेहऱ्याची ठेवण दाखवणारी सावलीच नाहीशी होते.

बर्लिनचे एरिख सालोमन हे कायद्याचे डॉक्टर. त्यांनी १९२८ च्या सुमारास मुत्सद्द्यांच्या परिषदांतून व मेजवान्यांतून फ्लॅशवाचून फोटो काढण्यास आरंभ केला. त्यांच्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याचे भिंग मोठ्या तोंडाचे, म्हणून खोलीतल्या दिव्यांचा उजेड पुरे. परंतु एका वेळी एकच काच बसे आणि प्रकाश बराच वेळ आत घ्यावा लागे. म्हणून बोलणारा क्षणभर थांबेल, ऐकणारा मान टेकवील, याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९३० साली हेगच्या परिषदेत अपरात्री पेंगुळलेले मंत्री त्यांनी टिपले, ते असे बसून राहिल्यामुळेच. पुढे ज्यू म्हणून नाझींनी त्यांना पकडले. १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.

आपल्यापाशी आज त्याहून कितीतरी हलके साधन आहे. उणीव आहे ती बसून राहण्याची. सर्वांचा एकत्र फोटो प्रारंभीच उरकून घ्यावा, म्हणजे मंडळी मोकळी होतात. मग फ्लॅश बंद करून आजीची खुर्ची खिडकीशी, उजेड एका बाजूने येईल अशी ठेवावी. डोक्यावरच्या दिव्याखाली नको; डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. दूर उभे राहून चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि पणतू मांडीवर येईपर्यंत थांबावे. 'आजी, इकडे बघा' असे मात्र म्हणू नये. त्या बघतील, पण पदर सावरून, ओठ मिटून, परक्यासारख्या!

पंगतीत जेवणाऱ्याचा फोटो घेऊ नये; भरल्या तोंडाने कोणीच बरे दिसत नाही. वाढणाऱ्याचा घ्यावा, त्याची आठवण कोणालाच राहत नाही. आणि नकळत घेतलेला फोटो ज्याचा त्याला दाखवल्यावाचून चार जणांत फिरवू नये. नको म्हणाला तर तो तिथेच पुसावा.

उरलेल्यांतले चार निवडून त्याच आठवड्यात कागदावर छापून घ्यावेत. आणि मागे नाव, गाव व साल लिहावे, आजी सांगताहेत तोवरच.