मालकी एकाची, घरपट्टी दुसऱ्याची
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ज्याचे घर, त्याची घरपट्टी, ही सर्वसामान्य समजूत आहे. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. वेगळा करार नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतची सार्वजनिक देणी विकणाऱ्याने भागवावयाची आणि मालकी हस्तांतरित झाल्यावरची घेणाऱ्याने. परंतु 'वेगळा करार नसेल तर' या चार शब्दांच्या फटीतून केवढी लूट शिरू शकते, हे पाहावयाचे तर अमेरिकेच्या इतिहासाकडे वळावे लागते.

१९३४ साली तेथे स्थापन झालेल्या संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाने बँकांच्या गृहकर्जांना हमी देण्यास प्रारंभ केला. मात्र कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्या हमीतून वगळल्या. कर्जाचा दरवाजा बंद झाला, तसा दलाल पुढे आला. घर तो स्वतः स्वस्तात विकत घेई आणि मासिक हप्त्यांनी विके. खरेदीखत होणार ते शेवटचा हप्ता फिटल्यावर. तोवर घेणाऱ्याच्या हाती असे ते आपल्या साठेखतासारखे एक कागदपत्र. क्लाइड रॉस या कामगाराने १९६१ साली शिकागोच्या नॉर्थ लॉन्डेल भागात २७,५०० डॉलरला घर घेतले. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतले होते! ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार, १९५० ते १९७० या काळात शिकागोतील कृष्णवर्णीय कुटुंबांनी घेतलेल्या घरांपैकी ७५ ते ९५ टक्के अशाच करारांनी घेतली गेली, आणि त्यांत त्यांचे तीन ते चार अब्ज डॉलर बुडाले.

चढ्या किमतीची चर्चा पुष्कळ झाली आहे. घरपट्टीची बाब तिच्या आड राहते, पण या व्यवहाराचे खरे स्वरूप तीच उघड करते. करारानुसार घरपट्टी, विमा, दुरुस्ती हा सारा भार घेणाऱ्यावर, आणि मालकी विकणाऱ्याकडे. एक हप्ता चुकला की कुटुंब रस्त्यावर, आणि भरलेल्या रकमेतील छदामही परत नाही. तो भाडेकरू असता, तर घरपट्टी आणि गळके छप्पर ही घरमालकाची डोकेदुखी असती. तो मालक असता, तर भरलेल्या पैशातून त्याची मत्ता उभी राहिली असती. या कराराने त्याच्यावर दोघांचीही ओझी लादली आणि अधिकार कोणाचाच दिला नाही. आपल्याकडेही घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा, असे मानणारे भोळे लोक कमी नाहीत.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर बँकांनी जप्त केलेली घरे कंपन्यांनी मातीमोलाने घेतली आणि त्याच पद्धतीने विकली. २०१५ साली डेट्रॉइट शहरात बँकेच्या कर्जावर घेतलेल्या घरांपेक्षा अशा करारांनी विकलेली घरे अधिक होती. मिशिगन राज्याच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे सुमारे तीन वर्षे कर थकला की घर जप्त होते. आता करार नोंदलेला नसेल, तर थकबाकीची सूचना जाते नोंदलेल्या मालकाकडे. घरात राहणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. काहींना तर घर घेतल्यावर कळले की जुन्या मालकाची थकबाकीही घराबरोबरच आली आहे. शिवाय करआकारणी तरी न्याय्य असावी! एका वृत्तपत्राने २०२० साली केलेल्या पाहणीत आढळले, की २०१० ते २०१६ या काळात डेट्रॉइटच्या घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा कर आकारला गेला होता. गरिबांसाठीची करसवलत मागावी, तर घर आपले असल्याचे सिद्ध करावे लागते; आणि नेमके तेच करारावर घर घेणाऱ्यास जड जाते.

शिकागोतील लोक मात्र गप्प बसले नाहीत. जॅक मॅकनमारा हे जेझुइट धर्मशिक्षणार्थी आणि त्यांच्याबरोबरचे विद्यार्थी यांनी जुने व्यवहार धुंडाळून दलालांनी घरे कितीला घेतली होती हे शोधले, आणि ते आकडे घरोघरी सांगितले. त्यातून १९६८ साली करारग्राहकांचा संघ उभा राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हप्ते देणे थांबविण्याचा लढा सुरू झाला. शेकडो कुटुंबे त्यात उतरली, काहींना पोलिसी बळाने घराबाहेर काढले गेले. तरीही अनेक करार नव्याने, कमी किमतीत करून घेण्यात यश आले. न्यायालयातील मोठे दावे मात्र ते हरले.

इलिनॉय राज्यात असे करार नोंदविणे बंधनकारक करणारा कायदा २०१८ साली अमलात आला. घरपट्टी घेणाऱ्यावर टाकण्यास त्या कायद्यानेही मनाई केलेली नाही.